मौनाचा अभिनय

नटाची थोरवी संवादफेकीवरून ठरविण्याची सवय आपल्या रंगभूमीने आपणांस लावली, आणि जेथे शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचविणे हे नटाचे आद्य कर्तव्य होते तेथे ती सवय योग्यच होती. परंतु चित्रपटाचा कॅमेरा नटाच्या पापणीपर्यंत जाऊन उभा राहत असल्यामुळे तेथे त्याची बोलण्याइतकीच ऐकण्याची आणि पाहण्याची कलाही कसाला लागते. ही कला पारखावयाची असेल, तर देशबांधवांनी ‘बाता’ या लाडक्या नावाने ओळखलेला सर्बियन नट वेलिमिर झिवोयिनोविच याच्याकडे वळावे.

१९३३ साली जन्मलेल्या आणि २०१६ साली बेलग्रेडमध्ये निवर्तलेल्या या नटाने शेकडो भूमिका केल्या. त्यांतील पुष्कळशा युद्धपटांतल्या होत्या. १९७२ च्या ‘वाल्टर सारायेव्होचे रक्षण करतो’ या चित्रपटातील भूमिगत सेनानीच्या भूमिकेने तर त्याला दूरच्या चीनमध्येही घरोघरी पोहोचविले. ही कीर्ती रास्तच होती, पण त्याच्या प्रतिभेचे खरे माप मला तेथे सापडत नाही.

ते सापडते १९६५ साली अलेक्सांदर पेत्रोविचने दिग्दर्शित केलेल्या, ऑस्करचे नामांकन मिळविणाऱ्या ‘त्रि’, म्हणजे ‘तीन’, या चित्रपटात. मिलोश नावाच्या एकाच माणसाची युद्धकाळात मृत्यूशी तीनदा गाठ पडते. पहिल्या कथेत तो रेल्वे स्थानकावरील गर्दीतला एक साक्षीदार आहे आणि परक्या प्रवाशावर हेरगिरीचा संशय घेऊन, धड चौकशीही न करता, फौजेची गस्त त्याला गोळी घालते. दुसऱ्या कथेत शत्रू पाठीशी लागल्याने मिलोश स्वतःच शिकार झाला आहे. तिसऱ्या कथेत युद्ध संपत आले आहे, तो विजयी पक्षाचा अंमलदार आहे, आणि ज्यांना गोळ्या घालण्याचा हुकूम झाला आहे अशा कैद्यांतील एका तरुणीकडे तो खिडकीतून पाहतो आहे. एकेकाळी निरपराध माणसाचा वध पाहून हादरलेला हाच तरुण आता ज्या बाजूला अखत्यार आहे त्या बाजूला उभा आहे, ही जाणीव बाता कोणत्याही आक्रोशावाचून, केवळ जड झालेल्या खांद्यांनी आणि हलावयास नाखूष अशा नजरेने आपल्यापर्यंत पोहोचवितो. आणि त्याच्या त्या धिप्पाड, बलदंड देहातच असहायता वसलेली दिसल्यामुळे ती अधिक दारुण वाटते. पुढे पेत्रोविचच्याच १९६७ च्या, पिसांचा व्यापार करणाऱ्या रोमा लोकांवरील चित्रपटात, त्याच देहातून तो मिर्ता या व्यापाऱ्याचा उद्दाम हव्यास प्रकट करतो.

म्हणून, श्रोतेहो, ‘त्रि’ पाहण्याचा योग आला तर खिडकीचा तो प्रसंग दुसऱ्यांदा पाहताना आवाज पूर्ण बंद करा, तरुणीवरून दृष्टी काढून केवळ त्याच्या चेहऱ्याकडे पाहा, आणि तो नजर केव्हा वळवितो तेवढे टिपा.