खुराड्याची जागा पावसाळ्याच्या हिशेबाने धरा



खुराडं केवढं बांधावं, असं विचारलं की गावात उत्तर ठरलेलं : "कोंबड्या दिवसभर बाहेरच चरतात, रात्रीपुरती जागा झाली म्हणजे झालं." उन्हाळ्यात हे खरं आहे. पण चेणे गावासारख्या ठिकाणी पावसाची झड लागली की पक्षी चार-चार दिवस आतच राहतात. तेव्हा हिशेब आषाढाचा धरा, चैत्राचा नको.

रात्रीपुरतं कोंडायचं तर एका कोंबडीस १ चौरस फूट पुरते. दिवसभर आत ठेवायची तर अंड्यावरच्या कोंबडीस २ चौरस फूट हवेत. म्हणजे १० फूट लांब, ५ फूट रुंद खुराड्यात २५ कोंबड्या, त्यापुढे एकही नको. गिरिराज, वनराज हे पक्षी अंगाने थोराड. त्यांना जरा सढळ हाताने जागा द्यावी. पिलं आणताना मात्र हमखास फसायला होतं. पन्नास पिलं एका डालग्यात मावतात, पहिला महिना प्रत्येकी अर्धा चौरस फूटही चालतो; पण तीच पिलं श्रावणात कुठे ठेवणार, ते आणण्याआधी ठरवा.

दाटी झाली की आधी बिघडते ती खालची गादी. भाताचं तूस ओलं होतं, त्यातून अमोनिया सुटतो, रक्ती हगवण पसरते, कोंबड्या एकमेकींना टोचू लागतात. सकाळी दार उघडताच तुमचे डोळे चुरचुरले, तर पक्ष्यांनी ते रात्रभर सोसलं असं समजा. तूस रोज हलवा, ओलं झालेलं काढून टाका. बसायला आडव्या काठ्या लावा, दर कोंबडीस ८ इंच. पाच कोंबड्यांमागे अंडी घालायला एक खोकं पुरतं.

बाहेरच्या कुंपणात दर कोंबडीस निदान १० चौरस फूट जागा असावी. तेवढ्यातही गवत टिकत नाही, म्हणून मधे जाळी घालून दोन भाग करावेत आणि आलटून पालटून सोडावं.

आपलं गाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून. बिबट्या, रानमांजर, मुंगूस सगळेच शेजारी. त्यामुळे मोकळं कुंपण दिवसापुरतंच. दिवेलागणीला पक्षी मोजून आत घ्या, कडी घाला. जाळी अर्ध्या इंचाची, जमिनीत फूटभर पुरलेली असावी, कारण मुंगूस खालून उकरतं. फासे किंवा विष लावू नका, तो कायद्याने गुन्हा आहे. खुराडं घराच्या भिंतीलगतच बांधा, म्हणजे रात्री कलकलाट झाला तर ऐकू येईल.