नरडाण्याला मुक्काम

आपल्या खान्देशात कुणी ‘चला, हॉटेलात जाऊ’ म्हटलं, की डोळ्यांपुढे येते ती तर्रीदार शेवभाजी. झोपायचं असेल तर आपण म्हणतो, लॉज बघू. आज मला बोलायचं आहे ते झोपण्याविषयी, आणि तेही नरडाण्यात.

गेल्या हिवाळ्यात एका रात्री शिरपूरहून धुळ्याला येताना नरडाण्याजवळ ढाब्यावर चहाला थांबलो. शेजारच्या बाजेवर पुण्याहून आलेला एक फिटर बसला होता. इथल्या एमआयडीसीत मशीन बसवायचं आठ दिवसांचं काम, पण मुक्काम धुळ्याला. काम लांबलं की रात्री महामार्गावर उभं राहून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवायचा. त्याच्या बुटांना अजून ग्रीस लागलेलं होतं. पलीकडे एका ट्रकच्या टपावर चादर अंथरून क्लीनर झोपला होता. ड्रायव्हर टाकीच्या नळाखाली मान धरून उभा होता, झोप उडावी म्हणून. त्याला पहाटेपर्यंत इंदूर गाठायचं होतं.

या तीन माणसांसाठी नरडाण्यात पाठ टेकायला जागा असायला हवी होती.

नरडाणा आता पूर्वीचं राहिलेलं नाही. मुंबई-आग्रा महामार्ग गावाला लागून जातो, सुरत-भुसावळ लोहमार्गावर इथलं स्टेशन आहे. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरच्या आराखड्यात धुळे-नरडाणा हा गुंतवणूक विभाग म्हणून दाखवला आहे. धुळे-नरडाणा रेल्वेमार्गाचं भूमिपूजन फेब्रुवारी 2019 मध्ये झालं. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 309 किलोमीटरच्या मनमाड-इंदूर मार्गाला मंजुरी दिली, खर्च 18,036 कोटी रुपये. हा मार्ग पुरा झाला की सुरतेकडची, मनमाडकडची आणि इंदूरकडची माणसं नरडाण्यातच गाडी बदलतील. अशा जागी हॉटेलं येणारच. ती कशी यावीत, हे आताच बोलायला हवं.

मोठ्या शहरांत सध्या एकाच आवारात दोन ब्रँडची हॉटेलं बांधतात. दिल्लीत विमानतळाजवळ पुलमन आणि नोव्होटेल अशी शेजारी-शेजारी आहेत. बंगळुरूच्या आउटर रिंग रोडवर नोव्होटेल आणि आयबिस. एक महागडं, दुसरं खिशाला जरा सोसणारं. प्रत्येकाचं दार वेगळं, दर वेगळा, पाहुणा वेगळा. मागची बाजू मात्र सामाईक ठेवता येते. भटारखाना एक, धुलाई एक, जनरेटर एक, पाण्याची टाकी आणि सांडपाणी शुद्ध करायचं यंत्रही एकच. हा शेवटचा मुद्दा आपल्यासाठी फार मोलाचा आहे. नरडाण्याच्या शिंदखेडा तालुक्याला दुष्काळ काय असतो हे सांगायला नको. रोज शेकडो चादरी-टॉवेल धुणाऱ्या हॉटेलाने तेच पाणी शुद्ध करून बागेला आणि संडासाला पुन्हा वापरलं पाहिजे. लहान लॉजवाल्याला असं यंत्र एकट्याने झेपत नाही, दोघातिघांना मिळून झेपतं.

धंद्याच्या दृष्टीनेही हे बसतं. लग्नसराईत वऱ्हाडी खोल्या भरतील. कारखान्यांची दुरुस्तीची कामं निघाली की इंजिनिअर आणि फिटर येतील. एका बाजूच्या खोल्या रिकाम्या पडल्या तरी दुसरी बाजू भटारखाना चालता ठेवील.

पण नरडाण्यात दोन दारं पुरणार नाहीत, तिसरं लागेल, असं माझं स्पष्ट मत आहे. ते ट्रकवाल्यांचं. स्वच्छ खाट, कुलपाची पेटी, आंघोळीला गरम पाणी आणि ट्रक नजरेसमोर उभा करता येईल एवढं राखणदाराचं आवार. डिझेल चोरीला जाईल या धास्तीने ड्रायव्हर केबिन सोडत नाही, म्हणून हे आवार खाटेइतकंच महत्त्वाचं. नाशिक, पंढरपूर, आळंदी इथे गाडगेबाबांनी धर्मशाळा उभारल्या, त्या ज्याला कुठे दार उघडत नाही अशा वाटसरूसाठी. तामिळनाडू सरकारने तर 2023 मध्ये बांधकाम नियमांत बदल करून, पाहुण्यांच्या ड्रायव्हरांना झोपायची सोय करणं हॉटेलांना आणि लॉजना सक्तीचं केलं. आपल्या राज्यातही असा नियम व्हावा, आणि महामार्गावर तो मालाच्या ट्रकचालकांनाही लागू व्हावा. रात्री अर्धवट झोपेत चाललेला ट्रक आपल्याच पोराच्या मोटारसायकलसमोर येतो, हे या रस्त्यावरच्या गावांना नव्याने सांगावं लागत नाही.

नरडाणा परिसरात ज्यांच्या जमिनी महामार्गाला लागून आहेत, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. उद्या एखादी हॉटेल कंपनी जागा मागायला आली, तर दराबरोबर तीन गोष्टींचं बोलणं करा: सांडपाण्याचं यंत्र, गावच्या पोरापोरींना आत नोकऱ्या, आणि ट्रकवाल्यांसाठी खाटा. आणि या तिन्ही गोष्टी करारात लिहून घ्या.