‘विक्रांत’ची प्रतिकृती



गेटसभेत बोलणाऱ्या आमच्यासारख्या माणसाने युद्धनौकेच्या प्रतिकृतीवर बोलावे, आणि तेही समुद्रापासून इतक्या दूर, बुलढाण्यात, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण विषय हातकामाचा आहे, आणि हातकाम करणाऱ्यांतच आमचे आयुष्य गेले.

‘विक्रांत’ ही आपली पहिली विमानवाहू नौका. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे ती आपल्या आरमारात दाखल झाली, ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. मग काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. तिला वाचवण्यासाठी लोक न्यायालयात गेले, हरले. आणि २०१४ साली दारूखान्यात गॅसकटर घेतलेल्या मजुरांनी ती तोडायला घेतली. तिचे काही पोलाद वितळवून बजाजच्या मोटारसायकलीत घातले गेले. २०२२ साली त्याच नावाची नवी नौका आली, आनंद आहे; परंतु जुनी आता पाहायची तर प्रतिकृतीतच. म्हणून ती बिनचूक हवी.

जहाज सुमारे २१३ मीटर लांबीचे. साडेतीनशे पटींनी लहान केले की ६१ सेंटिमीटर भरते, आणि खलाशी उरतो अवघा अर्धा सेंटिमीटर! प्रथम साल ठरवावे लागते. पुढच्या टोकाला वर वळलेली उतरंड दाखवायची आणि डेकवर ‘सी हॉक’ विमाने मांडायची, हा घोटाळा होय. ती उतरंड फार नंतरची, ‘सी हॅरियर’ विमानांसाठी केलेली. आम्ही १९७१ धरतो : सपाट डेक, त्यावर ‘सी हॉक’ आणि ‘अलिझे’.

सांगाडा चिकटला की हौशी माणूस रंगाचा डबा उघडतो. थांबावे. सांध्यांत लांबी भरावी, पाण्याचा पॉलिशपेपर फिरवावा, अस्तराचा हात द्यावा. अस्तर मोठे चहाडखोर असते. लपलेला प्रत्येक ओरखडा ते दाखवते. मग पुन्हा घासायचे. रंग पातळच हवा. दशांश मिलिमीटरचा थर म्हणजे या मापात खऱ्या जहाजावर साडेतीन सेंटिमीटरांचा लेप. त्यात दारे, खिडक्या, शिड्या बुजून जातात. तोफा, डोलकाठी, होड्या सुट्या असतानाच रंगवाव्यात, मात्र जेथे चिकटवायचे ती जागा कोरी ठेवावी. रंगावर लावलेला गोंद रंगालाच धरतो, खालच्या वस्तूला नव्हे.

जोडणी आतून बाहेर आणि खालून वर. उजव्या काठावरचा मनोरा एकदा बसला की त्याच्यामागे बोट जात नाही, म्हणून तिथले काम आधी उरकावे. कठडे पितळी तारेचे. खामगावच्या चांदी-कारागिरांना डाख देताना पाहिलेल्याला निराळे शिकवावे लागणार नाही : उष्णता थोडी, हात स्थिर. कठडे आणि बिनतारीच्या तारा अगदी शेवटी. आधी लावल्या तर आपल्याच बाहीत अडकून तुटतात.

एक गोष्ट मात्र कितीही कौशल्य असले तरी दिसत नाही. १९७१च्या युद्धात या नौकेच्या एका बॉयलरला तडे गेलेले होते, वेगावर मर्यादा होती. तरीही ४ डिसेंबरला तिच्या विमानांनी कॉक्सबझारवर हल्ला केला. वैमानिकांची नावे लोकांना ठाऊक झाली. त्या बॉयलरपाशी घाम गाळणारे डेकखाली होते, आणि प्रतिकृतीत डेकखाली भरीव लाकूड असते. कोणी विचारतात, पोट पोकळ ठेवून बॉयलरखोली दाखवता येणार नाही का? येईल, एका बाजूचा पत्रा उघडा ठेवावा लागेल, श्रम दुप्पट होतील. आमच्या मते ते करावे.

राहिली खालची पाटी. नाव, माप आणि साल तर लिहितातच. त्याखाली आणखी एक ओळ घालावी : ‘तोडणी – दारूखाना, मुंबई, २०१४.’