थोडक्यातले घर आणि घरातली ऊब



घर मोकळे, उबदार आणि मनाला निवांत वाटेल असे कसे ठेवावे, हा आजचा विषय. त्यासाठी आपण फार लांब जायला नको. पौडवरून मुळशीच्या वाटेने ताम्हिणीपर्यंत जाऊ.

पावसाळ्यात आपल्यापैकी पुष्कळजण तिथे धबधबे पाहायला जातात. वाटेत कुडाच्या भिंतींचे एखादे जुने घर दिसले, की “किती थोडक्यात संसार!” असा उद्गार निघतो. आम्हीही तो काढला आहे. पण जरा थांबले पाहिजे. याच खोऱ्यात टाटांच्या धरणाखाली शेते आणि घरे गेली. त्याविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह झाला. मुंबईला वीज मिळाली आणि इथल्या माणसाचे छप्पर गेले. ज्याला थोडक्यात राहणे भाग पडले, त्याच्या अडचणीला आपण साधेपणा म्हणून गौरवावे, हे बरे नव्हे.

मग शिकायचे काय? शिकायची ती मांडणी. ते जुने घर रिकामे नसेच. पुढे चार महिने कोसळणारा पाऊस; म्हणून मृगाआधीच सरपण, धान्य, मीठ-मिरची यांची बेगमी होई. घर भरलेले असे, पण प्रत्येक वस्तूला काम आणि जागा ठरलेली असे. भात कणगीत, दूध शिंक्यावर, दिवा कोनाड्यात, धोतर-लुगडे वलणीवर. सकाळी अंथरूण गुंडाळले, की तीच जागा दिवसभर बसाउठायला मोकळी. भिंतीसुद्धा रानातल्या कारवीच्या, वर शेणामातीचा लेप. कारवी काही वर्षांनी एकदाच फुलते आणि वाळते. तिच्याच काठ्या कुडाला येत. आणि ऊब? ती चुलीची. सारे घर तिच्याभोवती बसे. मात्र तिच्या धुराने बायकांचे डोळे आणि छाती जाते, हेही विसरता कामा नये. चूल परत आणा, असे आमचे म्हणणे नाही. भोवती बसण्याची रीत तेवढी आणा.

आपल्याकडे काय दिसते? कपाटावर बॅगा, बॅगांवर खोकी. पाहुणा आला की आधी खुर्चीवरचे कपडे उचलायचे, मग त्याला “बसा” म्हणायचे! याला कंटाळून कोणी धरणाकाठी दुसरे घर बांधतो, आणि पहिल्या घरातली अडगळ तिकडे नेऊन टाकतो.

 मृगाआधी एकेक वस्तू हाती घ्यावी आणि विचारावे: तुझे काम काय? तुझी जागा कुठली? उत्तर मिळाले नाही, तर जिला ती कामाची आहे तिच्या हाती द्यावी. फाटकेतुटके नव्हे, धड असेल तेच. मोकळी झालेली जागा दाखवण्यासाठी नसते. कोणीतरी येऊन तिथे निवांत बसावे, यासाठी ती असते.