थंडी सोसतो, ओल नाही

निवृत्तीनंतर मी कुमाऊंच्या डोंगरात, साधारण १,८०० मीटर उंचीवर राहतो. मागे नागपूरहून आलेल्या एका पाहुण्याने माझ्या कुंड्या पाहून विचारलं, “कर्नलसाहेब, कुंपणाचं घायपात कुंडीत कशाला?” दिसतं तसंच, पण ते घायपात नाही. त्याचं नाव पुया. अननसाच्या कुळातला, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा रहिवासी.

या वंशातला सगळ्यात मोठा भाऊ पुया रायमोंडी. पेरू आणि बोलिव्हियात, ३,२०० ते ४,८०० मीटरवर वाढतो. फुलायला ८० ते १०० वर्षं घेतो असं मानतात. मग घरापेक्षा उंच फुलोरा येतो, हजारो फुलं, लाखो बिया, आणि झाड मरतं. आपल्या कारवीसारखंच, फक्त फार दमाने. बर्कलेच्या बागेत १९८६ साली एक झाड २८व्या वर्षीच फुललं होतं. पण मी ६६ वर्षांचा. इतका हिशेब मला येतो.

म्हणून मी चिलीचा पुया अल्पेस्ट्रिस निवडला. नशीब असेल तर सहा-आठ वर्षांत फुलतो. फूल मोरपंखी निळं-हिरवं, धातूसारखं चमकणारं, आत केशरी पुंकेसर. फुलोऱ्याच्या फांद्यांची टोकं बिनफुलांची राहतात. त्यावर पक्षी बसतात, वाकून मध पितात आणि डोक्याला पराग लावून जातात. बसायची सोय झाडानेच केलेली!

आता लावायचं कसं ते सांगतो. बी परदेशी आहे, तेव्हा आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला हवाच. खिशात घालून आणू नका. मी मार्चमध्ये पेरतो. बी मातीने झाकायचं नाही, त्याला उजेड लागतो. ओल्या रेतीवर नुसतं पसरायचं आणि कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल द्यायची. २० अंशांच्या आसपास ऊब मिळाली तर तीन-चार आठवड्यांत कोंब दिसतात. ते हुबेहूब गवत. माझ्याच हाताने मी दोन उपटून फेकलेत.

पहिल्या खेपेला ३१ रोपं झाली. जुलैअखेर एकही उरलं नाही. मधली पानं धरून ओढली की अलगद हातात यायची, बुडाशी काळा चिखल. मी थंडीच्या भीतीने तयारी करून बसलो होतो आणि मारलं पावसाने. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा. आपल्याकडे नेमकं उलट, उबेतच चार महिने ओल. खरं तर मला हे कळायला हवं होतं. उंचावरच्या चौकीवर आम्ही जवानांना रोज एकच गोष्ट बजावायचो, मोजे बदला. कोरड्या पायाने माणूस बरीच थंडी काढतो, ओल्या मोज्यात बोटं जातात. पुयाचंही तसंच. कोरडा असेल तर हलकं हिम सोसतो, ओला असेल तर नाही.

दुसऱ्या खेपेला मिश्रण बदललं: दोन भाग जाडी रेती आणि बारीक खडी, एक भाग चाळलेलं पानांचं खत. शेणखत अजिबात नाही. वर पारदर्शक पत्रा, चारही बाजू उघड्या, म्हणजे वारा खेळतो. ऊन दिवसभर. हिवाळ्यात पाणी जवळजवळ बंद. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी हा नाद करू नये असं माझं स्पष्ट मत. दमट हवेत पत्रा तरी काय करणार?

आणि हातमोजे, चामड्याचे. पानांच्या कडेचे काटे आकड्यासारखे आत वळलेले असतात. हात सहज आत जातो, बाहेर येताना कातडी ठेवून येतो. मेंढीची लोकर अडकते ती अशीच. कुंडी बदलताना पानं आधी जुन्या धोतराने बांधून घ्या.

यंदा सातवं वर्ष. सहा रोपं जगली आहेत, फुलोरा एकालाही नाही. सौभाग्यवती रोज सकाळी चहा घेऊन मधला कोंब बघून येतात आणि मान हलवतात. पण मोठ्या रोपाच्या बुडाशी केळीच्या मुनव्यासारखी दोन पिलं आली आहेत. फुललेला भाग मेला तरी ही चालू राहतात. त्यातलं एक वेगळं काढायचंय, आणि पावसाआधी पत्र्याचे दोन खिळे बदलायचेत.