भूमिगत जल : एक सामायिक ठेव



मंगलकार्याचा आरंभ कलशपूजनाने होतो. कलशात गंगा, यमुना, गोदावरी यांचे आवाहन केले जाते; परंतु त्यातील पाणी बहुधा जवळच्या विहिरीचेच असते. जे जल तीर्थ म्हणून मस्तकी लावावयाचे, ते भूमीच्या उदरात कसे साठते व कशाने सरते, याचा विचार हाही धर्मविचाराचाच एक भाग होय.

भूमीखालचे पाणी अखूट आहे, असा समज रूढ आहे. वस्तुस्थिती तशी नाही. दख्खनच्या पठारावरील काळा पाषाण मुळात घट्ट. त्याच्या वरच्या झिजलेल्या थरात व भेगांतच काय ते पाणी मावते. कोकण-गोव्याकडील जांभा दगड सच्छिद्र खरा; पण तो पावसाचे पाणी जितक्या लवकर पितो, तितक्याच लवकर झऱ्यांवाटे ओढ्यांना देऊन टाकतो. म्हणूनच जेथे वर्षाला १०० इंचांवर पाऊस कोसळतो, तेथेही वैशाखात कित्येक विहिरी तळ दाखवितात. सारांश, दर पावसाळ्यात जेवढी भर पडेल, तेवढाच खर्च या भांडारास झेपतो.

मोटेच्या काळी ही मर्यादा आपोआप पाळली जाई. बैल थकले की मोट थांबे आणि रात्रीतून झरे विहीर पुन्हा भरीत. विजेच्या पंपास थकवा ठाऊक नाही. पुढे कूपनलिका शेकडो फूट खोल गेल्या. एकाची नलिका खोल गेली की शेजाऱ्याची विहीर आटते. मग तोही कर्ज काढून त्याहून खोल जातो. या चढाओढीत अखेर कोणीच जिंकत नाही. मात्र प्रथम हरतो तो उथळ विहिरीचा गरीब धनी. जगात सर्वाधिक भूजल उपसणारा देश आज भारतच आहे.

यावर उपाय आहे आणि तो आचरून दाखविला गेला आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील हिवरेबाजार हे अल्प पावसाचे गाव. १९८९ साली श्री. पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. ग्रामस्थांनी श्रमदानाने डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले, झाडे राखली. परंतु पाणी अडविणे हे अर्धेच कार्य, हे त्या गावाने ओळखले. शेतीसाठी कूपनलिका तेथे निषिद्ध ठरल्या. ऊस व केळी ही पिके वर्ज्य झाली. दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा जमाखर्च मांडला जातो. प्रथम माणसे व गुरे यांची तरतूद, मग पिके; पाऊस उणा, तर पीकही उणे. हा संयम कोणा एकाचा नव्हे, साऱ्या गावाचा आहे, म्हणूनच तो टिकला.

भाविकांसही हे व्रत अशक्य नाही. देवालयाच्या व घराच्या छपरावरचे पाणी वाया न घालविता जमिनीत मुरवावे. तळीतील गाळ उन्हाळ्यात काढावा. निर्माल्य विहिरीत टाकू नये आणि शौचकूपाचा खड्डा विहिरीपासून दूर असावा. या गोष्टींस द्रव्य थोडे लागते, नेम मात्र पुष्कळ लागतो.

तहानलेल्यास पाणी देणे हे पुण्य मानिले आहे. शेजाऱ्याच्या विहिरीत पाणी उरावे म्हणून स्वतःचा पंप वेळीच थांबविणे, हेही जलदानच होय.