कागदांत न सापडलेली मुंबई

शहराचा इतिहास शोधायचा म्हणजे जुने कागद चाळायचे, असे मला कैक वर्षे वाटत असे. मुंबईतल्या १८९६ च्या प्लेगाचा अभ्यास हाती घेतला, तेव्हाही मी एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात जाऊन बसले.

कागदांनी मला पुष्कळ दिले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा रोग प्लेगच आहे, हे ओळखले. पुढच्याच वर्षी साथीच्या रोगांचा कायदा आला. १८९१ च्या शिरगणतीत शहराची वस्ती ८,२१,७६४ होती, ती १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली. काही माणसे रोगाने गेली, काही गाव गाठायला पळाली. वाढत चाललेले शहर आटले.

साहेबांच्या लिखाणात एक तक्रार वारंवार भेटे: लोक अज्ञानापोटी रोगी लपवतात. मीही ते तसेच माझ्या वहीत उतरवून घेतले. त्या रात्री मला आजी आठवली.

आजी तिच्या आईची हकीकत सांगायची. गिरगावातल्या चाळीत तपासणीचे पथक आले, तेव्हा त्या माउलीने तापाने फणफणलेल्या लेकाला माळ्यावर गोधड्यांच्या ढिगात निजवले. इस्पितळात नेलेली शेजारची माणसे परत आली नव्हती, हे तिने डोळ्यांनी पाहिले होते. रोगी सापडला की घरातले कपडे-अंथरूणही जाळत. मुलगा दोन दिवसांनी गेला. पण तिच्या मांडीवर गेला. आजी पुढे आवाज खाली आणून सांगे, "नंतर पलीकडच्या खोलीतलीही दोघं गेली गं."

मी वहीतले 'अज्ञान' खोडले. त्या जागी लिहिले, 'भीती'. मार्च १८९८ मध्ये तपासणीच्या विरोधात शहरात दंगल उसळली, ती मला आता वेगळी दिसू लागली. तरी पलीकडच्या खोलीतले ते दोघेही मला विसरता येत नाहीत. इस्पितळात माणसे का दगावत, याचेही एक उत्तर त्या माळ्यावर होते: रोगी तिथे पोहोचायचाच फार उशिरा.

मंडळी, आठवणीतही चुका असतात. साल चुकते, चाळीचे नाव बदलते. ते ताडून पाहायला कागदच लागतो. पण कागदावर मोजदाद असते; मोजलेल्या माणसाच्या मनात काय होते, ते तिथे क्वचितच मिळते. गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ साली 'मुंबईचें वर्णन' लिहिले, म्हणून त्या काळची मुंबई आपल्याच भाषेत आपल्याला वाचता येते. असे लिहिणारे थोडेच.

तुमच्या घरातही कुणी थोरले अशी एखादी गोष्ट सांगत असेल. ती ऐकून सोडून देऊ नका. चाळीचे नाव, सुमारे साल, कोण कुणाचे, एवढे तरी लिहून ठेवा. मी आजीला तिच्या त्या भावाचे, म्हणजे माळ्यावरच्या मुलाचे, नाव कधी विचारलेच नाही. आता ते सांगणारे कुणी उरलेले नाही.